वजा चाळीसचं कोडं

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालतो.

मे महिना. नागपूर. भर दुपार, बाहेर ४४ अंशांचं ऊन. कडुनिंबाच्या सावलीत सकाळपासून एक मोटार उभी आहे. मिस्त्रीकाका येतात, स्टिअरिंगच्या खाली हात घालून तिथल्या सॉकेटात एक वायर बसवतात. वायरीच्या दुसऱ्या टोकाला हातात मावेल एवढं यंत्र. मग चावी फिरवतात. यंत्राच्या पडद्यावर भराभर आकडे उमटतात आणि त्यातली एक ओळ म्हणते : इंजिन कूलंटचं तापमान वजा ४० अंश सेल्सिअस!

एवढी थंडी सैबेरियातल्या याकुत्स्कला हिवाळ्यात पडते. नागपुरात, तीही मे महिन्यात? मग काय, यंत्र बिघडलं? की गाडीचा कॉम्प्युटर वेडा झाला? घाई करू नका. यंत्र अगदी खरं बोलतंय. फक्त ते काय बोलतंय, हे आपल्याला कळलेलं नाही.

त्या यंत्राला म्हणतात स्कॅनर. आजकालच्या गाडीत इंजिनाचा कारभार एक छोटा कॉम्प्युटर सांभाळतो. पण तो बिचारा एका डबीत बंद. त्याला डोळे नाहीत, कान नाहीत, हात नाहीत. म्हणून त्याने इंजिनात जागोजागी आपले खबरे पेरून ठेवलेले असतात. त्यांना सेन्सर म्हणायचं. एक पाण्याचं तापमान सांगतो, एक आत येणारी हवा मोजतो, एक इंजिन किती वेगानं फिरतंय ते पाहतो, तर एक चक्क सायलेन्सरच्या नळीत बसून धुराचा वास घेतो. हे खबरे जे सांगतील ते कॉम्प्युटर ऐकतो आणि त्यावरून पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची ते ठरवतो. स्कॅनर फक्त या गप्पा चोरून ऐकतो आणि आपल्याला वाचून दाखवतो.

आता कूलंट. इंजिनाभोवती खेळवलेलं, त्याला थंड ठेवणारं हे पाणी. ते गोठू नये आणि लोखंड गंजू नये म्हणून त्यात औषध मिसळलेलं असतं. त्याचं तापमान सांगणारा सेन्सर असा, की थंडीत त्यातून वीज कष्टानं जाते आणि तो तापला की सहज जाते. किती कष्टानं जाते यावरून कॉम्प्युटर तापमान ओळखतो. आता समजा, उंदरानं त्या सेन्सरची वायर कुरतडली. (उंदीर हा मोटारीचा फार जुना शत्रू, बरं का!) वीज जाईचना. कॉम्प्युटर म्हणतो, 'अरे बाप रे, वीज अजिबात जात नाही, म्हणजे थंडी केवढी असेल!' आणि त्याच्याकडे जो सगळ्यात थंड आकडा असतो तो तो सांगून टाकतो.

तो आकडा वजा ४० का? इथे एक गंमत आहे. कॉम्प्युटर तापमान पाठवतो ते ० ते २५५ यांपैकी एका संख्येत. स्कॅनर त्यातून ४० वजा करतो आणि उत्तर पडद्यावर दाखवतो. १३० आली तर ९० अंश. ६५ आली तर २५ अंश. शून्य आली तर? वजा ४०! म्हणजे वजा ४० दिसलं की हुशार मिस्त्री पाण्याकडे बघत नाही, वायरीकडे बघतो. इंजिन किती वेगानं फिरतंय हेही असंच येतं, फक्त दोन संख्यांत. पहिलीला २५६ ने गुणायचं, दुसरी मिळवायची आणि बेरजेला ४ ने भागायचं. १२ आणि १२८ आल्या तर? करून पाहा. मिनिटाला ८०० फेरे, म्हणजे गाडी जागेवर उभी राहून शांतपणे गुरगुरतेय.

तर पहिली गोष्ट ध्यानात आली ना? पडद्यावरचा आकडा म्हणजे इंजिनाची अवस्था नव्हे. तो सेन्सरनं दिलेला निरोप. निरोप आणणारा चुकू शकतो, वाटेत तार तुटू शकते. म्हणून एकाचा निरोप दुसऱ्याच्या निरोपाशी ताडून पाहायचा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला सकाळी स्कॅनर लावला, तर कूलंट, आत येणारी हवा आणि अंगणातली हवा, तिघांचं तापमान जवळजवळ सारखं हवं. तिघांतला एक फटकून वागत असेल तर चोर सापडला. या परीक्षेला एक पैसा लागत नाही. तरीही ती फारशी कुणी घेत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

दुसरा एक आकडा पाहा. इंजिन हवा ओढतं तिथला दाब. तो किलोपास्कलमध्ये दिसतो. चावी फिरवली पण इंजिन सुरू केलं नाही, तर हा सेन्सर बाहेरच्याच हवेचा दाब सांगतो. मुंबईत तो १०० च्या आसपास असतो, पुण्यात साधारण ९५, आणि महाबळेश्वरला ८६. गाडी तीच, सेन्सर तोच. डोंगरावर हवा विरळ, म्हणून आकडा कमी. ज्याला हे ठाऊक नाही तो महाबळेश्वरला जाऊन चांगला सेन्सर बदलून बसेल! इंजिन सुरू झालं की हा दाब ३० ते ४० पर्यंत उतरतो, कारण आतले दट्टे हवा ओढून घेत असतात आणि वाटेतलं दार जवळजवळ बंद असतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं कुणी कशासाठी केलं? गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात. १९४० च्या दशकात तिथे डोळे चुरचुरवणारं धुरकं साचू लागलं. मूळचे हॉलंडचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं, की मोटारींच्या आणि कारखान्यांच्या धुरावर ऊन पडून हे धुरकं तयार होतं. पुढे कॅलिफोर्निया राज्यानं नियम केला, की १९८८ च्या मॉडेलपासून गाडीनं आपला बिघाड आपणच ओळखून दिवा लावला पाहिजे. १९९६ पासून तर अमेरिकेतल्या सगळ्या नव्या मोटारींना एकाच आकाराचं, १६ टाचण्यांचं सॉकेट आलं. आपल्याकडे १ एप्रिल २०१० पासून बीएस-४ मोटारींना ही पद्धत लागू झाली, २०१३ पासून तिचा अधिक कडक टप्पा आला, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियमांबरोबर ती दुचाकींपर्यंत पोचली.

म्हणजे डॅशबोर्डवरचा तो पिवळा, इंजिनाच्या आकाराचा दिवा मुळात हवेच्या काळजीपोटी जन्मला. ब्रेक झिजले तर तो लागत नाही. टायर गुळगुळीत झाला तर लागत नाही. पण तो लुकलुकू लागला तर मात्र गंभीर. इंजिन मिसिंग करतंय, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवर जाऊन तिथे जळतंय, आणि धूर शुद्ध करणारा तिथला महागडा भाग भाजून निघतोय. अशा वेळी बाबांना सांगा, 'गाडी बाजूला घ्या.'

दिवा नुसताच लागून राहिला की लोक स्कॅनर लावतात. स्कॅनर एक कोड सांगतो, आणि खरी गडबड इथेच होते.

समजा, तुमचा मामा मोटार भाड्यानं चालवतो. गाडी गॅरेजमध्ये उभी, म्हणजे त्या दिवसाची कमाई बुडाली. एक दिवस पिवळा दिवा लागला. गाडी उभी असताना थरथरते, पेट्रोलही जास्त खाते. गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावला. कोड आला पी ०१७१. 'दादा, ऑक्सिजन सेन्सर गेलाय. बदलावा लागेल.' मामानं पैसे मोजले, काही हजार. कोड पुसला, दिवा विझला, मामा खूश. आठ दिवसांनी दिवा परत हजर.

काय झालं? कोडचा अर्थ एवढाच होता : 'मिश्रण पातळ आहे.' म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. ऑक्सिजन सेन्सर खराब आहे, असं कोड म्हणालाच नव्हता. उलट पेट्रोल कमी पडतंय ही खबर त्या सेन्सरनंच आणली होती! वाईट बातमीची तार आणली म्हणून पोस्टमनलाच घराबाहेर काढावं, तसं झालं हे.

मग खरा चोर कसा शोधायचा? कोड बाजूला ठेवायचा आणि चालू आकडे वाचायचे. इथे जरा थांबून नीट समजून घ्या, कारण सगळी मजा इथेच आहे.

एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. कॉम्प्युटर आत येणारी हवा मोजतो आणि त्या हिशेबानं पेट्रोल सोडतो. मग धुरातला ऑक्सिजन सेन्सर सांगतो, बरोबर झालं की नाही. नेहमीच्या जातीच्या सेन्सरचा आकडा ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मधे झोके घेत राहतो. वर गेला की पेट्रोल जास्त, खाली आला की कमी. त्याप्रमाणे कॉम्प्युटर पेट्रोल जरा वाढवतो, जरा कमी करतो. आमटीत चव पाहून मीठ घालावं तसं. ही वाढ-घट स्कॅनरवर टक्क्यांत दिसते आणि तिला फ्युएल ट्रिम म्हणतात. एक आत्ताच्या क्षणाची, दुसरी सवयीनं शिकलेली. दोन्हींची बेरीज अधिक किंवा वजा १० च्या आत असली की सहसा चिंता नाही.

मामाच्या गाडीचे आकडे आता वाचू. गाडी उभी, इंजिन चालू : आत्ताची अधिक ६, शिकलेली अधिक १८. बेरीज २४! कॉम्प्युटर जवळजवळ पाव हिस्सा पेट्रोल जादा ओततोय, तरी मिश्रण पातळच. आता रेस वाढवून २५०० फेऱ्यांवर धरू : अधिक १ आणि अधिक ४. बेरीज फक्त ५. अरेच्चा! वेग वाढला आणि आजार बरा झाला?

आजी स्वयंपाकघरात आहे. पुढच्या दारानं किती माणसं आली ते मोजून ती भाकऱ्या थापते. चार माणसं आली, तिनं चार पानांपुरत्या भाकऱ्या केल्या. पण मागच्या दारानं गुपचूप दोघं आत शिरले आणि पंगतीला बसले. झाली पंचाईत! भाकऱ्या पुरेनात. आता तेच दोघं मुंजीच्या दीडशे पानांच्या पंगतीत शिरले तर? कुणाला कळणारही नाही.

मामाच्या गाडीत हेच चाललंय. हवा मोजणारा सेन्सर पुढच्या दारात बसलाय, पण त्याच्या पुढे कुठेतरी रबरी नळीला चीर पडली आहे आणि तिथून न मोजलेली हवा आत शिरतेय. गाडी उभी असताना इंजिनाला हवा थोडीच लागते, म्हणून ही चोरटी हवा भारी पडते. रेस वाढली की मोजलेली हवाच इतकी येते की चोरटीचा हिस्सा नगण्य होतो. शिवाय वाटेतलं दार उघडल्यामुळे आतली ओढही कमी होते. तेव्हा बॉनेट उघडून 'सुस्स' आवाज कुठून येतो ते ऐकायचं, किंवा त्या नळ्यांत यंत्रानं धूर सोडून तो कुठून बाहेर पडतो ते पाहायचं. नळी सेन्सरच्या मानानं फारच स्वस्त.

आणि आकडे उलटे आले असते तर? उभ्या गाडीत अधिक ३ आणि चढावर जोर लावताना अधिक २०? मग चोरटी हवा नव्हे. मग बहुधा पेट्रोलच पुरेसं पोचत नाही, किंवा हवा मोजणारा सेन्सर धुळीनं माखून कमी मोजतोय. दोन्हींतलं कोणतं, हे स्कॅनर सांगू शकत नाही. त्यासाठी पेट्रोलचा दाब मोजणारा साधा काट्याचा गेज लावावा लागतो. कोड मात्र दोन्ही वेळा एकच, पी ०१७१. बघा बरं!

आईबाबांसाठी इथे दोन शब्द. गॅरेजमध्ये कोड पुसण्याआधी तो कागदावर उतरवून घ्या. दिवा लागला त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती गरम होतं, जोर किती होता, हे आकडेही गाडीनं जपून ठेवलेले असतात. त्यांना फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की तेही गेले. 'आधी पुसून तर बघू' असं म्हणणारा मिस्त्री पुरावा पुसून टाकत असतो, असं माझं स्पष्ट मत आहे. नवा भाग घालायचाच असेल तर 'कोणत्या आकड्यावरून ठरवलंत?' एवढं नम्रपणे विचारावं. चांगला कारागीर या प्रश्नानं रागावत नाही, उलट पडदा फिरवून दाखवतो.

आता गिअरबॉक्सकडे वळू. साध्या, हातानं गिअर टाकायच्या गाडीत गिअरबॉक्सचा वेगळा कॉम्प्युटर सहसा नसतो. तरी स्कॅनरवरच्या दोनच आकड्यांवरून क्लच प्लेट घसरते का ते ओळखता येतं. इंजिनाचे फेरे आणि गाडीचा वेग. समजा, तिसऱ्या गिअरमध्ये २००० फेऱ्यांना वेग ताशी ४० किलोमीटर आहे. २००० भागिले ४०, उत्तर ५०. ३००० फेऱ्यांना वेग ६०. पुन्हा ५०. एकाच गिअरमध्ये हे उत्तर बदलता कामा नये, कारण मधे लोखंडी दाते आहेत आणि दाते काही चावट नसतात. आता घाटाच्या चढावर तिसऱ्याच गिअरमध्ये आकडे आले ३६०० आणि ५४. भागाकार ६६ च्या वर! ५४ च्या वेगाला २७०० फेरे पुरले असते. वरचे ९०० फेरे गेले कुठे? क्लच प्लेटवर घासून वाया गेले. प्लेट झिजलीय. (ही परीक्षा घेताना चालवणाऱ्यानं पडद्याकडे बघायचं नाही हं! आकडे शेजारी बसलेल्यानं लिहायचे.)

२०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरियोबरोबर आपल्याकडे एएमटी गाड्या आल्या. त्यात गिअरबॉक्स साधाच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. त्यामुळे हाच भागाकार तिथेही चालतो. पण पूर्ण ऑटोमॅटिक गाडीतला एक प्रकार वेगळा आहे. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एक चालू करा, दुसरा बंद ठेवा. थोड्या वेळानं बंद पंख्याची पातीही फिरू लागतात. तिथे हवेऐवजी तेल असतं आणि एक पंखा इंजिनाला, दुसरा गिअरबॉक्सला जोडलेला. दुसऱ्याच्या वेगाला टर्बाइन स्पीड म्हणतात. गाडी निघताना इंजिनाचा वेग जास्त आणि टर्बाइनचा कमी, हे अगदी रीतसर. पण हमरस्त्यावर एकसारख्या वेगात आलं की कॉम्प्युटर दोन्ही पंखे एकमेकांना घट्ट जखडतो. तेव्हा दोन्ही आकडे सारखे दिसले पाहिजेत. 'जखडलं आहे' असं पडदा म्हणतोय आणि तरी दोघांत दोन-तीनशे फेऱ्यांचा फरक राहतोय, तर आतली पकड सुटत चालली आहे. या गिअरबॉक्समधल्या तेलाचं तापमानही पाहावं. साधारण ८० ते १०० अंश ठीक, सतत १२० च्या वर राहिलं तर तेल लवकर जळकं होतं.

या गाड्यांत एक लबाड कोड भेटतो, पी ०७००. तो वाचून 'गिअरबॉक्स गेला' अशी हाकाटी होते आणि घरात रडारड. खरं तर ती नुसती चिठ्ठी आहे : 'गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे काहीतरी तक्रार आहे, त्याला विचारा.' पुष्कळ स्वस्त स्कॅनर फक्त इंजिनाशीच बोलतात, त्यांना ती तक्रार वाचताच येत नाही. अशा वेळी त्या कॉम्प्युटरशी बोलू शकणारा स्कॅनर शोधायचा. गिअरबॉक्स खोलायची वेळ त्यानंतर.

आता जाता जाता तुमच्यासाठी एक प्रश्न. त्याआधी एक माहिती देतो. कूलंटच्या वाटेवर थर्मोस्टॅट नावाची झडप असते. इंजिन गार असताना ती बंद राहते आणि पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणजे इंजिन चटकन तापावं. तापलं की ती उघडते. चांगल्या गाडीत कूलंट मग ८५ ते १०५ अंशांच्या दरम्यान राहतं.

तर सकाळी सात वाजता, रात्रभर उभ्या असलेल्या एका गाडीला स्कॅनर लावला. इंजिन बंद, चावी चालू. कूलंट १६, आत येणारी हवा १६, दाब ८६. मग सपाट रस्त्यावर अर्धा तास गाडी चालवली, तरी कूलंट ५८ च्या वर जाईना. गाडी पेट्रोलही जरा जास्तच पिते.

सांगा : गाडी महाराष्ट्रात साधारण कुठे उभी होती? कूलंटच्या सेन्सरवर विश्वास ठेवायचा की नाही, आणि का? आणि मिस्त्रीकाकांनी आधी काय खोलून पाहायचं? उत्तरं पोस्टकार्डावर लिहून पाठवा, कारणांसकट हं. बरोबर उत्तर पुढच्या अंकात.